बाटलीतली लाळ

लालासाहेब सुभेदार पलटणीतून पेन्शनीवर आले ते सगळं जग बिनडोक ठरवूनच. सून बयाबाई दोन महिने खोकत होती, अंगातला ताप हटत नव्हता, आणि अंगावर पिणारं पोर दिवसरात्र किरकिर करत होतं. साताऱ्याच्या सरकारी डॉक्टरला क्षयाची शंका आली. सकाळी उठल्या उठल्याचा बेडका तीन दिवस आणा म्हणाला. सुभेदारांना एवढा दम कुठला? सांगलीत एका खासगी लॅबवाल्यानं अर्ध्या तासात निकालाची पाटी लावली होती. त्यांनी सुनेला एसटीत घातलं आणि तिथं नेलं.

लॅबवाल्यानं बाटली पुढं केली, यात थुंका म्हणाला. सुभेदार समोरच मिशीवर ताव देत उभे. सासऱ्यापुढं जिनं कधी मोकळी शिंक दिली नाही, ती छातीतला बेडका खाकरून काढणार होय? बयाबाईनं पदराआड जरा लाळ सोडली आणि बाटली परत दिली. त्या शहाण्यानं आत काय आहे ते बघायचं तरी! त्यानं काच रंगवली, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि जंतू नाहीत असं ठोकून दिलं. नुसत्या लाळेत त्याला काय डोंबल सापडणार होतं?

सून सोंगं करते, असं सुभेदारांनी तिच्या सासूसकट घरभर सांगितलं आणि तिला पुन्हा हळदीच्या रानात धाडलं. आठवड्यानं खोकताना पदरावर रक्त पडलं. पोर तेव्हा छातीशी होतं. बयाबाई हादरली. मग तिला सासऱ्याची, लॅबवाल्याची आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या लाजेची किळस आली.

पोर काखेत मारून ती पुन्हा सांगलीला निघाली. तिची खोड मोडायची म्हणून सुभेदारही आले. या खेपेला तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला, चार माणसांदेखत बेंबीच्या देठापासून खाकरली आणि बाटलीत थुंकली. लॅबवाला मागं सरकला.

अर्ध्या तासानं त्याचा आवाज खाली आला होता. जंतू होते, भरपूर होते.

"लॅबच खोटी हाय ही," सुभेदार म्हणाले.

"मागल्या खेपेला लय खरी हुती, मामंजी," बयाबाई म्हणाली. तिनं पोर त्यांच्या हातात दिलं. "धरा. आत्याबाईंना शेळीचं दूध पाजायला सांगा. मी साताऱ्याच्या डाक्टरकडं सुया घ्यायला निघाले."

सुभेदारांनी जन्मात तान्हं पोर धरलं नव्हतं. पोर मागं टाहो फोडत राहिलं. बयाबाई स्टँडाकडं चालत राहिली. वळून बघितलं असतं, तर तिचा पाय निघाला नसता.