डाव्या कुशीची बक्कलं

आमच्या दादाचं मत असं, की कुरूप तलवार हातात घेऊन माणूस लढतो तो केवळ पगारासाठी. माझं मत असं, की तलवारीला धार असली की झालं. मुठीवर मोर आहे की भोपळा, हे मरणारा विचारत बसत नाही. या एका गोष्टीवरून आम्ही बहीणभाऊ इतकी वर्षं भांडत आलोय, की दुसऱ्या कशावरून भांडायला आम्हाला सवडच मिळालेली नाही.

दादा दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याच्या पुढच्या खोलीत रंगाच्या डब्यांपेक्षा शिरस्त्राणांची चित्रं जास्त. भिंतीवर ढाली, खंजीर, चिलखतं, एका कोपऱ्यात रणगाडासुद्धा, सगळं त्याच्या हातचं. रविवारी सकाळी तिथे आमची बैठक भरते. बैठक म्हणजे चौघं: दादा, गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर, समोरच्या गल्लीतला टेलर आणि मी. खरी तलवार आमच्यापैकी कुणाकडेच नाही. टेलरकडे एक मोठी कात्री आहे, तेवढीच.

मास्तरांचं म्हणणं, जे उपयोगाचं तेच सुंदर. रणगाड्याचं तोंड उतरतं असतं ते गोळा घसरून जावा म्हणून, आणि म्हणूनच ते डोळ्याला बरं दिसतं. दादा म्हणायचा, मग शिरस्त्राणावरच्या तुऱ्याचं काय? त्याचा उपयोग शून्य, वजन मानेवर, तरी तुरा नसला की सरदार हमालासारखा दिसतो. टेलरला या सगळ्यात एकाच गोष्टीत रस. चित्र कुठलंही दाखवा, तो बगलेकडे बोट दाखवणार आणि म्हणणार, इथे काचणार. वहिनी चहाचा ट्रे ठेवता ठेवता एवढंच म्हणायच्या, 'सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही,' आणि आत निघून जायच्या. आमच्या बैठकीला त्या पत्रेसभा म्हणतात. वहिनींना कधी कुणी 'बसा' म्हटलं नाही आणि त्याही कधी बसल्या नाहीत.

माझं काम हॉस्पिटलच्या मागच्या शेडमध्ये. मोडलेल्या पाठींचे, वाकड्या पायांचे, लुळ्या मनगटांचे पट्टे आणि साचे मी बनवते. माणसाच्या अंगाचा प्लॅस्टरमध्ये ठसा घ्यायचा, त्यावर भट्टीत मऊ केलेला प्लॅस्टिकचा पत्रा चढवायचा, कडा घासायच्या, पट्टे लावायचे. त्यामुळे बैठकीत चिलखतावर बोलायचा मला थोडा जास्त अधिकार आहे, असं निदान मी तरी मानते.

तर दादा शिडीवरून पडला. एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होता, अक्षर कसं दिसतं ते बघायला एक पाऊल मागे सरकला आणि मागे काही नव्हतंच. नशीब बलवत्तर म्हणून मज्जारज्जूला काही झालं नाही, पण पाठीचा एक मणका दबला. सर्जन म्हणाले, ऑपरेशन टाळता येईल, मात्र उठताबसता, चालताना कडक पट्टा अंगावर हवाच. नाहीतर मणका आणखी दबेल आणि पाठ कायमची वाकेल. पाठ वाकलेल्या माणसाला शिडी नाही, आणि शिडीवाचून दादा म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

पट्टा मीच बनवला. छातीपासून कंबरेखालपर्यंत, समोरून उघडणारा, वेल्क्रोच्या चिकटपट्ट्यांचा, मेणचट गुलाबी रंगाचा. आमच्याकडे तोच रंग येतो. सुबक काम होतं, सर्जननी पाठ थोपटली.

दादानं तो पट्टा पलंगाखाली ठेवला.

मी गेले की अंगावर असायचा. पण पट्टा माझ्याशी खोटं बोलत नाही. आतल्या अस्तराला घामाचा डाग नव्हता, चिकटपट्ट्यांना घडीसुद्धा पडलेली नव्हती. वहिनींकडे बघितलं तर त्या दुसरीकडे बघू लागल्या. पुढच्या एक्स-रे फोटोत मणका आणखी थोडा बसलेला दिसला, आणि सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, भावाला समजवा, आता ढिलाई नको.

मी समजवायला गेले आणि भांडून बसले. मला समजवणं जमत नाही.

"लोकांच्या दुकानांच्या पाट्या मी सजवतो," दादा छताकडे बघत म्हणाला. "आणि स्वतः प्लॅस्टिकच्या बादलीत बसून रस्त्यावर जाऊ?"

"पाठ लोकांची नाही, तुझी आहे."

"ज्या चिलखताची लाज वाटते ते खुंटीवरच राहतं. हे काय मी आज म्हणतोय?"

रागानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथे पाठीवर बेतलंय आणि हा रविवारचे मुद्दे काढतोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. आणि नुसता पट्टाच नव्हे, पडल्यापासून त्याला कुणाची मदतही चालत नव्हती. वहिनी चमचा धरायला गेल्या तर यानं कुशीवर वळून स्वतःच सूप घेतलं, अर्धं उशीवर. त्यांनी केस विंचरायला कंगवा उचलला तर म्हणाला, मी काही म्हातारा झालो नाही. तेव्हापासून वहिनी ताट ठेवायच्या आणि दाराशी उभ्या राहायच्या, नुसत्या, हात पदराला पुसत.

घरी जाताना मात्र मला माझे इतर पेशंट आठवत राहिले. किती जणांचे पट्टे असे कोरे परत येतात! आम्ही फायलीत लिहितो, 'पेशंट सहकार्य करत नाही.' रंगाबद्दल कुणाला विचारलंय आम्ही कधी? दादाचं बरोबर असेल या विचारानंच मला चिडचिड झाली, पण विचार काही जाईना.

रविवारी बैठक दादाच्या पलंगाभोवती भरली आणि मी विषय मांडला: एक चिलखत. घालणारा पाटीवाला, शत्रू स्वतःचंच वजन, आणि मागच्या बाजूला इतका इतका दाब पडलाच पाहिजे. आजवर आमच्या कुठल्याही चिलखतात माणूस नव्हता.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. मास्तर म्हणाले, छातीच्या मधोमध उभी धार काढा, नावेच्या पुढच्या निमुळत्या नाळेसारखी. धारेमुळे पत्र्याला ताठपणा येतो, मग पत्रा पातळ चालेल आणि वजन उतरेल. दादा म्हणाला, धार हवीच, आणि ती गळ्यापासून खालपर्यंत अखंड हवी, मध्ये फट दिसता कामा नये. टेलरनं बगलेचा आकार तीनदा खोडला आणि चौथ्यांदा स्वतः आखला. दादा उताणा पडून, डोक्यावर फळी धरायला लावून चित्र काढत होता, आणि फळी मास्तरांनी धरली होती. कडेनं वेलबुट्टी काढायची म्हटल्यावर मास्तर 'नाकापेक्षा मोती जड' असं काहीतरी पुटपुटले. दादानं विचारलं, मास्तर, हे अंगावर कुणी घालायचंय? त्यावर मास्तरांनी माघार घेतली. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडलं.

सर्जनना मी कागद दाखवला. ते हसले, पण दाब कुठे पडतो ते नीट तपासून हो म्हणाले. पत्रा मी गडद राखाडी मिळवला. धारेला तीनदा भट्टी लावली. एका कुशीला बिजागरं आणि दुसऱ्या कुशीला, जरा मागच्या अंगाला, कातडी पट्टे आणि पितळी बक्कलं, जुन्या चित्रांत असतात तशी, म्हणजे छाती अखंड राहिली. वेलबुट्टी दादानं पडल्या पडल्या स्वतः रंगवली. खरं सांगते, इतकं देखणं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. एका संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून ते त्याला चढवलं, दादानं आरशात पाहिलं, मान थोडी वर केली, आणि मी तरंगतच घरी आले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एक आजी त्यांचा पट्टा घालून बघत होत्या. समोरच्या पट्ट्या ओढत म्हणाल्या, "बरं झालं बाई, एकटीला लावता येतो." माझ्या हातातली कानस तशीच राहिली. शेडमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच घोकायला लावते, की माणसाला पट्टा आपल्या हातानं घालता आला पाहिजे. आणि सख्ख्या भावाला मी काय दिलं? कुशीमागची बक्कलं, जिथे स्वतःचा हात पोचतच नाही. छाती अखंड दिसावी म्हणून! आम्ही चौघं शहाणे इतके दिवस धारेवर आणि वेलबुट्टीवर तुटून पडलो होतो, पण हे घालणार कसं, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. कंगव्यालाही हात लावू न देणारा माणूस रोज सकाळी कुणाला हाक मारणार? चिलखत पलंगाखालीच जाणार, बादलीच्या शेजारी.

संध्याकाळपर्यंत काम सोडून निघता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी करवत, कात्री आणि चिकटपट्ट्यांचा गुंडाळा पिशवीत टाकून मी दादाचं घर गाठलं. छाती मधोमध कापायची, धार गेली तर गेली, असं ठरवूनच गेले होते. दार उघडंच होतं.

दादा स्टुलावर ताठ बसला होता. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत वर उचललेले, नजर समोर. डाव्या बाजूला वहिनी गुडघ्यावर टेकून पट्टा ओढत होत्या, ओठ घट्ट मिटून, सुईत दोरा ओवताना मिटतात तसे.

"आवळ," दादा म्हणाला. "अजून एक भोक."

"श्वास घ्या आधी."

त्यानं निमूटपणे श्वास घेतला. वहिनींनी बक्कल लावलं, पट्ट्याचं टोक दुमडून आत खोचलं आणि सदऱ्याची खांद्यावरची सुरकुती हातानं सारखी केली. जाता जाता त्याच हातानं त्याचे कपाळावर आलेले केसही मागे सारले. त्यानं सारू दिले.

मला पाहून दादा जरासा ओशाळला. मग लगेच रविवारच्या आवाजात म्हणाला, "चिलखत कुणी एकट्यानं घालत नसतं, माहिताय ना? राजालासुद्धा दुसऱ्यानंच चढवावं लागायचं. त्यात काही कमीपणा नाही."

"कालपण यांनीच हाक मारली," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, ये, मला चढव."

पिशवीतली करवत दिसत होतीच. चूक माझी, मी सांगितलं. बक्कलं समोर घेते, दुपारपर्यंत होईल, म्हणजे त्याचं त्याला लावता येईल. दादा बक्कलांकडे बघत राहिला. वहिनी उठल्या नाहीत. शेवटचा पट्टा त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी सोडला नाही.

"वन्सं, राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "समोर आली तर हे मला पुन्हा हाक मारायचे नाहीत."

दादानं ऐकलं. वहिनींकडे त्यानं पाहिलं नाही, पण खाली येऊ लागलेले हात पुन्हा वर उचलले. एक बक्कल लागायचं राहिलं होतं.