रानतुळशीचं बारसं

मी तोंडाची तिखट आहे, हे गावात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. शाळेत असल्यापासून बायका मला कळलावी म्हणतात, म्हणजे भांडणं लावून देणारी. मला त्याचा राग येत नाही. कळलावी नावाचं फूलही असतं, आणि आमच्या बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तलावाच्या पाळीवर ते पावसाळ्यात फुलतं. चुलीतला जाळ उठावा तशा त्याच्या लाल-पिवळ्या पाकळ्या वर वळलेल्या असतात. ब्रह्मपुरीहून रानफुलं पाहायला येणाऱ्यांना मी दर पावसाळ्यात रान फिरवते आणि शेवटी या पाळीवर आणते. तिथं बडबडे लोकही गप्प होतात.

यंदा गेले, तर कळलावी दिसेचना. पाळीवर कमरेएवढी रानतुळस माजली होती. नाव तुळशीचं, पण ही कुठून तरी बाहेरून आलेली. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. एकदा तिचं बी सांडलं की पुढच्या साली दुसऱ्या कशालाच उगवायला जागा उरत नाही, आणि आता तिला फुलं धरू लागली होती. उपटायची तर लगेच, नाहीतर आमची कळलावी गेलीच म्हणून समजा. एकटीनं होण्यासारखं ते काम नव्हतं.

बचत गटाच्या बायका तयार झाल्या. पण गटाच्या अध्यक्ष इंदुताई म्हणाल्या, "तुळस उपटत नसते." त्यांनी नाही म्हटलं की सगळ्यांचे हात मागे.

"ताई, ते तुळस नाई. नुसतं नाव आहे."

"नाव आहे ना? मंग झालं! तुळस उपटून कळलावी वाचवाची? डोस्कं फिरलं का तुहं? घरात कळलावी आनली तं भांडन होते."

"घरात कोन आनून राह्यलं?"

"माह्या अंगनात दरसाली तुळशीचं लगन लागते, पोरी. मले नको सांगू."

मी जीभ आवरली, आणि असं माझ्या बाबतीत क्वचितच घडतं. आमचं घर बौद्ध. आमच्या अंगणात तुळस नाही. मी एकटीनं चार रोपं उपटली असती, तर गावात भलतीच चर्चा सुरू झाली असती. म्हणून मला इंदुताईंचाच हात हवा होता. शिवाय लहानपणी त्यांच्या ओट्यावर मी इतके मुरमुरे खाल्लेत, की त्यांच्याशी मनापासून भांडताच येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रानतुळशीची एक फांदी त्यांच्या नाकापुढे धरली. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"चहात टाकान का?"

"छ्या!"

"वृंदावनात लावान?"

"नाई वो बाई."

"मंग हिले तुळस काऊन म्हनता?"

"आता पडलं नाव तं पडलं. नाव का कोनाचं बदलते?" असं म्हणत त्यांनी फांदी माझ्या हातातून घेतली. मग हळूच म्हणाल्या, "माहं बदललं. लग्नात. माहेरी मी फुलवंता होती. ताटातल्या तांदळात इंदू लिवलं अन् झालं. मले कोनी इचारलंबी नाई."

त्यांना या नावानं हाक मारलेली मी कधीच ऐकली नव्हती. मी आणखी विचारणार होते. पण त्यांच्या डोळ्यांत तोवर खट्याळपणा उतरला होता.

"मले न इचारता माहं बदलते, तं हिचं काऊन नाई? चाल, बारसं करू. नाव बदललं का तुळस उपटल्याचं पापबी नाई."

बारसं थाटात झालं. घुगऱ्या शिजल्या. पाळण्याऐवजी सुपात फांदी निजवली. आत्या मीच. फांदीला कान कुठे असतो ते न कळल्यानं मी अंदाजे वाकले, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, "उपटसुंभ!" रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. माझ्या तोंडाचा प्रसाद ज्यांनी ज्यांनी खाल्ला होता, त्यांचे जरा जोरातच बसले.

पाळीवर पहिलं रोप इंदुताईंनीच उपटलं. "निंघ, उपटसुंभा!" मग काय, हसता हसता सगळी पाळ मोकळी झाली. तळाशी कळलावीचे फिकट, दबलेले वेल निघाले. एकाला कळी होती. मी एवढ्यानं ओरडले, की बोडीतले बगळे उडाले.

रविवारी पाहुणे आले तेव्हा ती कळी फुलली होती आणि तिच्या शेजारी आणखी दोन. कॉलेजातल्या एका मुलीनं इंदुताईंना विचारलं, "आजी, या फुलाचं नाव काय?"

"कळलावी. अन् हेबी कळलावी," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या.

"आणि तुमचं?"

इंदुताईंनी पदर सारखा केला. फुलाकडे पाहिलं.

"फुलवंता."

मागून गटातली पुनम ओरडली, "अवं ताई, हे बारसं कधी झालं?"

"व्हाचं आहे," त्या म्हणाल्या. "आत्या इथीच आहे ना."

मी त्यांच्या कानाशी वाकले, कुर्रर्र केलं, त्यांचं नाव सांगितलं आणि बायकांपुढे पाठ केली.