काकूचं नाक

काकांनी आयुष्यभर लाकडात चित्रं कोरली. फळीवर पटाशीने कोरायचं, शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवून दाबायचा. मी त्यांची पुतणी, मीही चित्रकार, पण माझ्या चित्रांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मग मला एक गोष्ट सुचली. काकांच्या चाळीस वर्षांच्या छापांचे फोटो मी संगणकात घातले आणि त्याच्याकडून त्याच धाटणीची नवी चित्रं काढून घेतली. ती काकांनी कोरायची आणि भिंतीवर मशीनचं चित्र नि काकांचा छाप शेजारी शेजारी लावायचे. कलादालनाच्या बाई तर खूश झाल्या.

"म्हणजे मी मशीनचा हमाल," काका म्हणाले. पण हसले आणि फळी घासायला घेतली. माझ्यावर जीव होता त्यांचा.

पाच चित्रं सुरळीत पार पडली. सहाव्यात खिडकीशी बसलेली एक बाई होती. काका तो कागद घेऊन बराच वेळ उजेडात उभे राहिले.

"ही तुझी काकू आहे."

"कुणीच नाहीये ती, काका. मशीनने बनवलीय."

"मान तिची. अंबाडा तिचा. नाक तेवढं भलत्याच कुणाचं तरी चिकटवलंय."

काकूला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरुणपणी काकांनी तिला पन्नासेक वेळा तरी कोरलं असेल, आणि ते छाप मीच मशीनला दिले होते. तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

तीन आठवड्यांनी त्यांनी कोरलेल्या फळीचा ठसा आणि त्याचा छाप माझ्यासमोर ठेवला. नाक काकूचं होतं, किंचित बसकं. ओठ बोलता बोलता थांबल्यासारखे. तरीही मी म्हणाले, "काका, दोन्ही चित्रं तंतोतंत जुळायला हवीत. सगळी गंमत त्यातच आहे."

"गंमत?" त्यांनी ठसा उचलून फडक्यात गुंडाळला. "मग तुझी तूच कोर."

मला कोरता येत नव्हतं आणि उद्घाटनाला नऊ दिवस उरले होते. फर्निचरच्या एका कारखान्यात लाकूड कापायचं मशीन होतं, त्याने संगणकाच्या चित्रावरून, भलत्या नाकासकट, तासाभरात ठसा कापून दिला. त्याचा छाप काढून मी भिंतीवर लावला. खालच्या पाटीवर आधीच्या पाचांसारखंच लिहिलं : हातकोरीव.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. सहाव्या छापापाशी थांबले, चष्मा कपाळावर सरकवला, रेघांच्या कडा अगदी जवळून पाहिल्या. शेजारच्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, "हे तुम्ही कोरलंत? काय हात आहे तुमचा!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

"हो," ते म्हणाले. "मीच."

चहाला थांबले नाहीत. जिन्यात मी गाठलं, तर कठड्याला धरून हळूहळू उतरत होते.

"काका, रागावलात?"

"तिच्यासमोर खोटं बोलायला लावलंस मला," ते म्हणाले आणि उतरत राहिले.

त्यानंतर मी फोन केला की 'झोपलोय' म्हणायचे, भर सकाळीसुद्धा. पुढच्या प्रदर्शनाचे सगळे ठसे मी कारखान्यातच कापून घेतले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पाटीवर काकांचं नाव मात्र अजून लावते. लोक ते शोधतात.