नससम्राटांचा उतरता पलंग

फर्निचरच्या दुकानामागच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मागचे लोक खुर्च्यांवर चढून माना उंचावत होते. समोर पलंगावर कटिंग मास्तर आडवे होते. सकाळी कापड बेततानाच त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं. पलंग पायथ्याशी उंच, उशाशी उतरता. बोटांनी दाबून नसा मोकळ्या करणारे म्हणून गाजलेल्या नससम्राटांनी मास्तरांच्या मानेवर दोन बोटं दाबून डोळे मिटले.

"अडकलेल्या नसे, वाट दे!"

आणि मास्तरांचा हात खरोखरच उठला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हॉस्पिटलात सुया टोचून नस मारून टाकतात," नससम्राट गरजले. "इथं सुई नाही, गोळी नाही. ही बोटं नव्हेत, किल्ल्या आहेत किल्ल्या!"

"बघितलंस?" मास्तरांच्या थोरल्या मुलाने, दादाने, धाकट्या बहिणीला कोपराने ढोसलं. "आणि तू निघाली होतीस अँब्युलन्स बोलवायला."

"आता तरी जाऊ या ना, दादा."

"बऱ्या झालेल्या माणसाला कुणी दवाखान्यात नेतं का? पुस्तकं वाचून डोकं फिरलंय तुझं!"

मास्तरांना उठवून सगळ्यांसमोर मिरवलं. दारापाशी पोचेपर्यंत हात पुन्हा लोंबू लागला.

"नस लाजाळू आहे," नससम्राट हसले. "परत समजूत काढतो."

पुन्हा पलंग, पुन्हा बोटं, पुन्हा टाळ्या. संध्याकाळी मात्र नस कुणाचंच ऐकेना. मास्तरांची वाचा गेली, मग शुद्धही. दादाने तेव्हा कुठे गाडी काढली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. मास्तर काही घरी परतले नाहीत.

नंतर मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या मुलीला स्कॅन दाखवला. मानेतली रक्तवाहिनी आतून थर साचून जेमतेम दोऱ्याएवढी उरली होती.

"माणूस आडवा, डोकं खाली, की एवढ्याशा वाटेनेही थोडं जास्त रक्त वर चढतं," त्या म्हणाल्या. "हात हलतो. उभं केलं की रक्त कमी पडतं, हात पडतो. मानेवरच्या बोटांचा काडीचा संबंध नाही."

"म्हणजे तो उठलेला हात..."

"मेंदू अजून तग धरून होता, एवढाच त्याचा अर्थ. असं येणं-जाणं सुरू झालं की पुढच्या काही तासांत, दिवसांत तब्येत ढासळायची भीती फार. तेव्हाच आणायला हवं होतं. वाचलेच असते असं नाही म्हणत मी. पण प्रयत्न करता आले असते."

मुलीला रडू आलं नाही. तिला नुसता संताप आला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना.

पुन्हा एकदा ती त्या हॉलमध्ये गेली, तेव्हा बेकरीवाल्याला पलंगावर ठेवत होते. त्याचा डावा हात लटकत होता. तिने आधी अँब्युलन्सला फोन केला, मग पलंगाच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

"अहो ताई, तुम्ही कोण?" बेकरीवाली रडवेली झाली होती. "सम्राट आत चहा घेताहेत. येतीलच."

"घेऊ देत. तोवर यांच्या मानेला कुणी हात लावू नका. फक्त बघा."

हॉल कुजबुजत राहिला. थोड्या वेळाने बेकरीवाल्याची बोटं हलली. मग मनगट. मग हात कोपरातून उचलला गेला.

"अगंबाई, हलतोय!" बेकरीवाली ओरडली. "पण सम्राट तर अजून आतच आहेत!"

नससम्राट ओठ पुसत धावत आले. "माझी शक्ती भिंतीआडूनही..."

"मग चहा टाकून धावलात कशाला?" बेकरीवालीने विचारलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

मुलीने पलंगाची खाली लोंबणारी चादर वर केली. पायथ्याच्या खुरांखाली विटा रचल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तिने लोकांना सांगितलं. एक आजोबा मान डोलावत ऐकत होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं,

"पोरी, या विटा कुठे मिळतात?"

तिने कपाळाला हात लावला.

"आजोबा, विटांत काही नाही हो! घरीही कुणी असा पलंग मांडून बसू नका. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की थेट हॉस्पिटल. हात पुन्हा हलला तरीही हॉस्पिटल. तेव्हा तर आणखी घाई करा. टाळ्या वाजवायची ती वेळ नव्हे."

निम्मे लोक पटल्यासारखे उभे राहिले. निम्मे नससम्राटांभोवती गोळा झाले. बेकरीवाली यातलं शेवटचं ऐकायला थांबलीच नव्हती. बाहेर अँब्युलन्सचं दार उघडं होतं आणि ती नवऱ्याच्या स्ट्रेचरमागून आत चढत होती.