सत्तराचा पुडा

चिंचोक्यांचा डबा कलंडला. खळखळ करत चिंचोके फरशीभर पांगले आणि दुपारची शांतता मोडली. अमरीननं पेन तसाच हातात धरून आधी झोळीकडे पाहिलं. झोळी हलली, एक इवलीशी मूठ बाहेर आली, परत आत गेली. दोन वर्षांची रुखसार काही उठली नाही.

"माहा कोपर लागला, बाई," मंगली कुजबुजली आणि भिंतीला आकसून बसली.

"लागू दे. वेच हळूहळू."

मंगली अमरीनच्या वर्गातली. तिसरीत. आज एटापल्लीचा बाजार. तिची आई सोमारी चारोळी घेऊन बसली होती, आणि "घ्या तुमची पोरगी, पाहा काई डोक्यात शिरते का तं," म्हणत तिला इथं, अमरीनच्या घरी, सोडून गेली होती.

रुखसार झोपली की एक तास, फार तर सव्वा, तेवढाच अमरीनचा. तेवढ्यात ती कार्डं लिहायची. नवऱ्याच्या, ताबिशच्या, छपाईच्या दुकानातल्या वाया गेलेल्या लग्नपत्रिका असायच्या. एका बाजूला नवरदेवाचं नाव चुकलेलं, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर टोल्यावरच्या, पाड्यातल्या शाळेचं गणित उतरत होतं. एका कार्डावर एकच गोष्ट. ती पक्की आली की पुढचं कार्ड. वर्गात खिडकीपासून दारापर्यंत दोरी, दोरीवर बासष्ट कार्डं, आणि प्रत्येक पोराच्या नावाचा कपड्यांचा चिमटा. आलं की चिमटा पुढे सरकायचा. नाही आलं तर अमरीन पाटीवर एकच शब्द लिहायची, 'अजून'. नापास हा शब्द तिनं वर्गातून काढूनच टाकला होता.

"तुझी पोरं पत्रिका उलटी करून वाचतील न, तं अर्ध्या तालुक्याच्या लग्नात जेवून येतील," ताबिश चिडवायचा. पण कोऱ्या पत्रिका बाजूला काढून ठेवायला विसरायचा नाही.

मंगलीचा चिमटा एकतिसाव्या कार्डावर अडकला होता. अकरा दिवस. 'दहा काड्यांची जुडी बांधा. जुड्यांचा पुडा भरला की पुडा बांधा.' पुडा हा शब्द अमरीननं मुद्दाम घेतला होता. ती भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली, पण कार्डावर पोरांच्या घरातला शब्द हवा म्हणून. सगळे दहा जुड्यांचा पुडा बांधायचे. मंगली सातव्या जुडीलाच दोरी आवळायची. अकरा दिवस, अकरा वेळा 'अजून'.

"सरकवून द्या न चिमटा," मुख्याध्यापक सोमाजी गुरुजी काल म्हणाले होते. "शुक्रवारी केंद्रप्रमुख नीलाबाई येऊन राह्यल्या. पुस्तक पोचलं भागाकारावर, अन् ही पोरगी जुड्याच बांधून राह्यली. त्यायले पटलं नाई तं कार्डं जातीन माळ्यावर. एका चिमट्याचं कोणाले समजते?"

"मले समजते न, गुरुजी."

बोलली होती खरी. पण एकतिसावं कार्ड दोरीवरून काढून नीट पाहायला घरी घेऊन आली होती.

आता तिनं सहज मान वळवली आणि पेन थांबला. मंगली चिंचोके वेचत होती, पण कशी! चिमटीत पाच-पाच, एकही बोट न चुकता. ओठ हलत नव्हते, नजर तर झोळीकडे. चौदा चिमट्या झाल्या आणि तिनं ओढणीच्या टोकात गाठ मारली.

"हे काय केलं?"

"पुडा."

"किती आहेत त्यात?"

मंगलीनं असं पाहिलं, जणू बाईंना एवढंही ठाऊक नाही! "सत्तर. तेंदूच्या पुड्यात सत्तरच पानं राह्यते. एक बी कमी झालं तं पानं मोजून घेते न, तो फळीवरचा मुनशी फेकून देते पुडा."

अमरीननं एकतिसावं कार्ड उचललं. 'पुडा भरला की.' पोरीचा पुडा दर वेळी सातव्या जुडीला, सत्तरावर, भरतच होता. बाकीच्यांनी बाईंनी फळ्यासमोर करून दाखवलं तसं केलं. मंगली त्या दिवशी आली नव्हती, तिनं कार्डावर लिहिलं होतं तसं केलं. चुकलं होतं ते कार्ड.

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. एक पत्रिका उलटी करून तिनं लिहिलं: 'घरचा पुडा सत्तरचा. शाळेचा पुडा शंभरचा.'

"मंगली, आईनं घरचे तीन पुडे बांधले. ते उकलून शाळेचे किती होतील?"

मंगलीची बोटं मांडीवर टकटकली. "दोन. अन् दहा पानं मोकळी."

झोळीतून रुखसार रडू लागली. अमरीननं तिला उचलून इतकं घट्ट धरलं की ती रडायचं विसरून आईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

शुक्रवारी नीलाबाई आल्या. चष्मा कपाळावर, वही काखेत. दोरीकडे पाहून म्हणाल्या, "कपडे वाळवता का वर्गात?" मग सगळ्यात मागचा चिमटा बोटानं हलवला. "ही कोण?"

मंगली उभी राहिली. अमरीननं हातातलं कार्ड पुढे केलं.

नीलाबाईंनी नवं कार्ड वाचलं, एकदा, परत एकदा. "बरं. घरचे पाच पुडे. शाळेचे किती?"

"तीन. अन् पन्नास पानं."

"नऊ?"

मंगलीनं छताकडे पाहिलं. सोमाजी गुरुजी खोकले. वर्गात एक पोरगं हळूच बोटांवर मोजू लागलं.

"सहा पुडे. तीस पानं."

नीलाबाईंनी चष्मा खाली घेतला. स्वतः पाटीवर मांडून पाहिलं, हळू, आकडे मोजत. मग वहीत लिहिलं आणि जाताना अमरीनला म्हणाल्या, "माझ्या अजून पाच शाळा आहेत, बाई. नकला लागतील." गुरुजींकडे वळल्या. "आणि ही पोरगी मागे आहे म्हणून कोणी सांगितलं?"

"मी तं म्हनतच होतो, हुशार आहे म्हून," गुरुजी म्हणाले.

अमरीननं नव्या कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'मंगलीचं कार्ड', आणि ते एकतीसच्या जागी टांगलं. मंगलीनं टाचा उंचावून आपला चिमटा बत्तीसवर लावला. लावून झाल्यावर ती दोरीच्या कडेनं चालत दारापर्यंत गेली. तिथं बासष्टावं कार्ड होतं, आणि त्याच्यापुढे दोरी खिळ्याला बांधलेली.

"बाई," ती वळली, "शंभरचे दहा पुडे म्हनजे हजाराचा पुडा. मंग हजाराच्या दहांचा अजून मोठा. मंग त्याच्याहून बी मोठा. मंग सगळ्यात शेवटचा पुडा केवढा राह्यते? अन् त्याले बांधते कोन?"