पिंपातला भात

झाकण उघडलं आणि लेकीने तोंड फिरवलं. नासका, आंबूस भपका थेट घशात गेला. पिंपाच्या कडेने पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. आई जाऊन तीन आठवडे झाले होते. वस्तीतल्या बायकांना ती ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवायची; सगळ्या तिला बाई म्हणत. तिचं हे पिंप लेकीला आजच कचरागाडीत रिकामं करायचं होतं.

"खबरदार," शेजारची शिंपीणमावशी म्हणाली. "दुपारी पंधराजणी येणार. प्रत्येकीला विरजण म्हणून यातलं ओंजळभर खत लागणार. तसं बाईंनी कबूल केलं होतं."

"हे विरजण नाही मावशी, गटार आहे."

"बाईंच्या पिंपाला वास येतच नाही. सरक." मावशीने कोपरापर्यंत हात घातला. वर आले ते चिकट, पिवळट गोळे. "भात! शिजवलेलं टाकलं कोणी? माझ्या पिंपात शिजलेल्या भाजीची एक फोड सापडली, तर बाईंनी चारचौघींत झापलं होतं मला."

गोळ्यांत गाजराचे अगदी बारीक तुकडे होते. आईला गिळवत नव्हतं म्हणून लेकीनेच चिरलेले. दोन्ही वेळा वाटी चाटूनपुसून परत यायची. जेवण उत्तम चाललंय, असं लेकीने डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. लेक आंघोळीला गेली की आई वाटी घेऊन, भिंत धरत अंगणातल्या या पिंपाशी येत असणार. लेकीला अळ्यांपेक्षा त्या तोऱ्याची किळस आली.

"वाचेल का हे?"

"भात वेचून काढला, भुसा कालवला, तर वाचेल."

"हातमोजे आहेत?"

"जन्मतः मिळालेत ते घाल."

लेक वेचायला बसली. गोळे बोटांत पिचकत होते. दोनदा ती उमासे देत उठली.

"पिंपात ओकू नकोस हं," मावशी म्हणाली. "तेही शिजवलेलंच."

दुपारी बायका नाकाला पदर लावूनच आल्या. बाजूला काढलेला भात एकीने पाहिला. "म्हणजे नियम आम्हाला. बाई स्वतः मात्र..."

मावशी खाली बघून भुसा कालवत राहिली.

"मी टाकला," लेक म्हणाली. "आईला कळू न देता."

"एवढी पुस्तकं वाचतेस, आणि आईचं एवढंसं ऐकता आलं नाही?"

"नाही आलं." लेकीने विचारणारीच्या डब्यात पहिली ओंजळ घातली. नखांतला आंबूस वास अजून जात नव्हता.