मिटलेली पानं

घाबरू नका. चाकू असलो तरी मी हाडाचा. माझ्यानं लोणीसुद्धा जेमतेम कापलं जातं. जुन्या काळी पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच यायची. ती सोडवायची, एवढंच माझं काम. वाचता मला येत नाही.

यॉर्कशरमधल्या या गिरणीच्या गावात मी एका पाद्रीबाबांचा होतो. त्यांनी स्वतःची प्रवचनं छापून घरोघर वाटली. ते गेले, आणि मी चॅपलच्या, म्हणजे इथल्या छोट्या चर्चच्या, कपाटात पडलो. किती वर्षं, कोण मोजतो!

चॅपल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या एनॉकनं मला इमोजेनच्या हाती दिलं. ही पोरगी पीएचडी करते. तिचं म्हणणं, गिरणीतल्या बाया ही प्रवचनं रोज वाचायच्या. त्या काळच्या कादंबऱ्यांतल्या बाया प्रवचनासारखं बोलतात, ते त्यामुळेच. चार वर्षं तिनं यावर काढली. सोमवारी प्रबंध द्यायचाय. चहा तसाच गार होतो. नखं तर कुरतडून संपलीच.

आज एनॉक आपल्या पणजीची प्रत घेऊन आला. कोपरे झिजलेले, पुठ्ठा हात लागून काळवंडलेला.

"बघा, केवढी वाचलीय!" इमोजेन हरखली. उघडून बघते, तर पानं जोडलेलीच.

"वाचतेय कुठली, पोरी! तिला अक्षर येत नव्हतं. पण दर रविवारी पुस्तक काखेत. रिकाम्या हातानं देवाच्या दारी कसं जायचं?"

"काका, हे आधी नाही का सांगायचं!"

"तू विचारलंस, घरी पुस्तक होतं का. होतं की!"

तो चहा ठेवायला आत गेला. तिनं मला उचललं आणि घडीत घातलं. एकदा ओढलं की झालं. पानं सुटतील, प्रबंध तरेल, कुणाला कळणार? इतक्या वर्षांनी कोरी घडी लागली होती, हाडाला सुख व्हायला हवं होतं. मला मात्र धडकीच भरली. पोरी, नको गं.

"साखर किती?" आतून हाक आली.

तिनं मला घडीतून बाहेर काढलं.

"काका, पणजी पुस्तक कुठल्या काखेत धरायची?"

"डाव्या. उजवा हात पोरं धरायला लागायचा ना!"

तिनं कोरा कागद ओढला. सोमवार मानगुटीवर आहेच, आणि वाचलेल्या पुस्तकांऐवजी काखेत नेलेल्या पुस्तकांवर सगळं नव्यानं लिहायचंय. जमेल की नाही, देव जाणे. मी त्या पुस्तकावर पडून आहे. मला बिनकामाचाच राहू द्या.